बादलीचे दाणे

हॉलमध्ये चार टेबलं होती. दोन मायक्रोस्कोप, त्यातल्या एकाचा आरसा तडकलेला. दगडी खल अकरा, बत्ते नऊ. काचपट्ट्यांचे सहा डबे, पैकी दीड रिकामा. खिडक्या आठ, आठही खिडक्यांवर दुहेरी जाळी. दारं दोन, त्यातलं मागचं खिळे ठोकून बंद केलेलं. दोरीवर टांगलेल्या कोशांच्या माळा एकशे बारा. माणसं तीन. निळी बादली एक.

रुजू झाल्याच्या दिवशी मदीहानं हे सगळं वहीत लिहून घेतलं. वय चोवीस, प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी, माहेर-सासर दोन्ही अजून एकच, चंद्रपूरला. तिचे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे. मोजल्याशिवाय हात लावायचा नाही, ही सवय तिला तिथूनच लागली होती.

केंद्र चिमूरपासून सव्वीस किलोमीटर आत, जंगलाच्या कडेला होतं. इथं टसर रेशमाच्या कोशांतून पतंग बाहेर यायचे, जोड्या लागायच्या, आणि मादी तीन दिवसांत दीड-दोनशे अंडी घालायची. एका मादीच्या अंड्यांना पुंज म्हणायचे. अंडी घालून झालेली मादी नंबर टाकलेल्या कागदी पाकिटात ठेवायची, मग तिचं पोट खलात चेचायचं, थेंबभर पाणी घालायचं आणि तो रस काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा. तांदळाच्या कणीसारखे लांबट, चकाकणारे दाणे दिसले की मादी रोगी. मग तिचा पुंज चुलीत टाकायचा. तो रोग आईकडून अंड्यात उतरतो. दाणे नसले, तर पुंजाच्या चिठ्ठीवर सही. ती सही आता मदीहाची होती.

गुरुवारी आसपासच्या गावांतली चाळीस कुटुंबं प्रत्येकी ऐंशी पुंज घ्यायला येणार होती. एकूण तीन हजार दोनशे. ते पुंज ऐनाच्या झाडांवर लावायचे, अळ्या पानं खाऊन मोठ्या होणार, कोश बांधणार. गेल्या दोन खेपांना मात्र तिसऱ्यांदा कात टाकल्यावर अळ्या पटापट झाडाखाली पडल्या होत्या. जुलैच्या बैठकीत लोकांनी सरळ सांगितलं होतं: यंदाही तसंच झालं, तर तुमची अंडी नकोत, केंद्राला कुलूप लावा.

कुलूप लागलं तर कामावरचे तिघं घरी बसणार होते. मदीहाला मात्र घरीही बसता येणार नव्हतं. दोन वर्षांचा करार होता आणि तिची मूळ प्रमाणपत्रं जिल्ह्याच्या कचेरीतल्या कपाटात जमा होती.

पहिले तीन दिवस ती नुसती बघत होती. लटारूभाऊ मायक्रोस्कोपवर बसायचे. वय छप्पन्न, नोकरी सत्तावीस वर्षांची, चष्मा दोरीनं मानेला बांधलेला. सुगंधाबाई खल चालवायच्या आणि प्रणित पट्ट्या मांडायचा, नंबर लिहायचा आणि दिवसभर बोलायचा. नियम असा की प्रत्येक पट्टी पाच ठिकाणी बघायची. मदीहानं स्वतः केलं तेव्हा पन्नास सेकंद लागले. लटारूभाऊंना नऊ लागत.

चौथ्या दिवशी तिनं भिंतीवर तक्ता लावला. तिघांची नावं, रोजच्या पट्ट्या, पाच ठिकाणं बघितल्याच्या पाच खुणा, शेवटी गुण. मग दहा मिनिटं बोलली. दर्जा म्हणजे काय, आपल्या हातून जाणारा प्रत्येक पुंज कसा कुणाच्या तरी घरचा आहे, वगैरे. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसंच.

सुगंधाबाईंनी पदरानं नाकावरची पंखांची भुकटी पुसली.

"मॅडम," प्रणित म्हणाला, "पयल्या नंबराले काय भेटन? शाळंत आमाले कंपासपेटी भेटे."

"भेटलीच नाई तुले कवा," लटारूभाऊ पट्टीवरून डोळा न काढता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तक्त्यावर चारशे दहा पट्ट्या आणि दोन हजार पन्नास खुणा होत्या. एकही कमी नाही. लटारूभाऊंना पट्टीमागे अजूनही नऊ सेकंदच लागत होते. खुणा करायला प्रणितला वेगळा अर्धा तास लागला, तेवढंच काम वाढलं.

पाऊस चार दिवस हटला नव्हता. नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेला, कचेरीची गाडी पलीकडेच राहिली. हॉलमध्ये हवा यायला वाव नव्हता; जाळी काढली तर पक्षी, पाली, मुंग्या. पतंग फडफडायचे, त्यांच्या पंखांची तपकिरी भुकटी प्रत्येक गोष्टीवर बसायची, चहावरसुद्धा. मोबाइलला रेंज यायची ती फक्त खिळे ठोकलेल्या दाराला पाठ टेकून उभं राहिलं तर. रोज संध्याकाळी मदीहा तिथं उभी राहून अब्बांना सांगायची की सगळं ठीक आहे. दारातून बाहेर जाता येत नसे, आवाज तेवढा जाई.

शनिवारी दुपारी बाकीचे जेवायला बसले तेव्हा तिनं सकाळच्या पास झालेल्या पट्ट्यांतल्या पन्नास उचलल्या आणि एकेक बघितली. पाच ठिकाणं, पन्नास सेकंद. एकतीस पट्ट्यांवर दाणे होते. कुठं एक, कुठं दोन. पण होते.

तिनं डबा उचलून जेवणाऱ्यांच्या मधोमध ठेवला.

"लटारूभाऊ, हे काय आहे?"

"पट्ट्या आहे जी."

"एकतीस पट्ट्यांवर दाणे आहेत. तुम्ही पास केल्या आहेत. काऊन?" चिडली की तिच्या तोंडी घरचं चंद्रपूर यायचं.

लटारूभाऊंनी भाताचा घास संपवला. "ते बादलीचे दाणे आहे."

"बादलीचे म्हणजे?"

"म्हणजे त्या पतंगाचे नाई. एक-दोन दिसले त बादलीचे. दोनाच्या वर दिसले त पतंगाचे. मंग आमी जाळतो."

"हा नियम कुठं लिहिलाय?"

"लिवला कुठीच नाई." त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला. आवाज चढला नव्हता. "चार वर्षांमागं इथी एक साहेब होते. तुमच्यावानीच, मोजणारे. एक दाणा दिसला का जाळ. आमी जाळले. शंभरातले साठ जाळले. वरून त्याईले कागद आला, आमाले कागद आला, लोकाईनं अंगणात येऊन शिव्या देल्या. मंग त्या साहेबांनंच सांगतलं, लटारू, दोन म्हणजे शून्य समज. ते बदलून गेले. आमी इथीच आहो."

"आणि मॅडम, ते जाळलेले पुंज चांगलेच होते अशीन," प्रणित म्हणाला. "बादलीपायी गेले बिचारे."

मदीहानं डबा परत उचलला. तिला राग आला होता, पण रागापेक्षा जास्त शंका आली होती, हे खरंच असलं तर? माणूस खरं बोलतोय की खोटं, हे तपासून बघता येतं. तिनं तपासायचं ठरवलं.

रविवारी सकाळी आठ वाजता, बादली हापशावरून भरून आणल्या आणल्या, तिनं त्यातला एक थेंब पट्टीवर घेतला. दाणे शून्य. सुगंधाबाई एक पतंग चेचायच्या, खल बादलीत बुडवायच्या, झटकायच्या, पुढचा पतंग. दहा वाजता थेंबात चार दाणे होते. बारा वाजता सतरा. दोन वाजता तिनं चाळीसनंतर मोजणं सोडलं.

लटारूभाऊ बरोबर होते. कुठल्यातरी रोगी मादीचे दाणे खलातून बादलीत जात, बादलीतून पुढच्या प्रत्येक खलात. त्यामुळे पट्टीवर दिसणारा दाणा कुणाचा, हे सांगता येणारच नव्हतं. जाळले तर निरोगी जळणार, सोडले तर रोगी सुटणार. चार वर्षं हा माणूस नऊ सेकंद बघत होता, कारण पन्नास सेकंद बघूनही कळणार काहीच नव्हतं.

तिनं ताजं पाणी वापरून बघितलं. खल तीनदा धुतला, उकळतं पाणी ओतलं, मग कोऱ्या पाण्याचा थेंब त्यात घोळवून पट्टीवर घेतला. दोन दाणे. जुन्या दगडाला बारीक खाचा पडल्या होत्या, दाणे त्यांत बसले होते. खल निर्जंतुक करायची औषधी पावडर संपलेली, नवी नाल्यापलीकडच्या गाडीत.

तिनं भिंतीवरचा तक्ता काढला आणि घडी करून चुलीत टाकला.

"भाऊ, मी चुकले," ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगत होतात."

लटारूभाऊ खूश झाले नाहीत. "खरं असून काय फायदा? गुरवारी पुंज त द्याच लागन."

सुगंधाबाई इतका वेळ खल हातात धरून उभ्या होत्या. वय चाळीसच्या आसपास, बोलणं कमी. त्यांचा नवरा श्रीहरी त्या चाळीस कुटुंबांपैकी एक. भाताच्या बांधीखेरीज घरात दुसरं येणं होतं ते एवढंच, ऐनावरच्या कोशांचं.

"मले दाखवा जी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दाणे. सात वर्षं झाले चेचून राह्यली. एकडाव नाई पाह्यला."

मदीहानं त्यांना स्टुलावर बसवलं, एक डोळा मिटायला सांगितलं, बटण हळू फिरवलं. सुगंधाबाईंनी बराच वेळ बघितलं.

"चमकून राह्यला," त्या म्हणाल्या. "हा एक गेला झाडावर, त काय होते?"

मदीहानं सांगितलं. आईतून अंड्यात, अंड्यातून अळीत. अळीच्या विष्ठेतून पानावर, पानावरून दुसऱ्या अळीच्या पोटात. तिसऱ्या कातीपर्यंत एका झाडावर किती होतात, ते मोजता येत नाही.

"आंगावर मिरे सांडल्यावानी ठिपके पडते," सुगंधाबाई म्हणाल्या. "पयले एका अळीवर. मंग साऱ्याईवर. मंग सकाळी झाडाखाली पाहा त सडा." त्या स्टुलावरून उठल्या. "आमच्या घरचे म्हणत, कोणाची नजर लागली. देवाले कोंबडा देला आमी. ऐंशी पुंजाचे चारशे बारा कोश आले मांगच्या साली. चारशे बारा, लटारूभाऊ."

लटारूभाऊंनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. त्यांचं घर सुगंधाबाईंच्या घराला लागूनच होतं, मधे फक्त एक काट्यांचं कुंपण.

"मीच पाठवत होतो म्हणजे," ते म्हणाले. "तुह्या झाडावर."

"चेचत त मीच होती," सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांनी बादली उचलली, ओट्यावर नेली आणि पालथी घातली.

संध्याकाळी मदीहानं हिशेब मांडला. एक हजार एकशे वीस माद्या बादलीच्या पाण्यात तपासून झाल्या होत्या. त्यांची पोटं चेचलेली, पुन्हा तपासायला काही उरलं नव्हतं. दोन हजार ऐंशी अजून पाकिटांत शाबूत होत्या. दिवस उरले होते चार. खल प्रत्येक वेळी उकळायचा म्हटलं तर दिवसाला ऐंशी व्हायच्या, तेही दगडाच्या खाचांचा भरवसा नसताना.

ती बंद दाराला पाठ लावून उभी राहिली आणि कचेरीत फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीन हजार दोनशेचं उद्दिष्ट वर कळवलेलं आहे. तुम्ही सही करा, उरलेलं पुढच्या हंगामात बघू."

"सही केली तर रोग झाडावर जाईल, सर."

"आणि नाही केली तर कागद तुमच्याकडे येईल. तुमचा करार वाचलाय ना?"

रेंज गेली. दाराचे खिळे तिच्या पाठीला टोचत होते. तिनं मोजले. अकरा.

हॉलमध्ये तिघं तसेच बसून होते. तिनं साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"झालेले सारे जाळले त आमचं काही खरं नाई," प्रणित म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "आमी रोजंदारीवरचे. तुमचं काय मॅडम, तुमी दोन वर्षांत जासान."

"माझे सगळे कागद त्यांच्या कपाटात आहेत प्रणित. मी कुठं जाते?"

"म्हणजे तुमीबी माळंतल्याच," प्रणित म्हणाला आणि कोशांच्या माळांकडे बघितलं.

सुगंधाबाई मधेच म्हणाल्या, "खल कायले पायजे?"

कुणालाच कळलं नाही.

"एका पतंगाले एक भांडं. दुसऱ्याले ते लावाचंच नाई, म्हणजे धुवाचंबी काम नाई. पळसाचं पान घ्या. लग्नात हजार माणसाईले द्रोण पुरते, इथी काऊन नाई पुरन?"

"आन बत्ता?" लटारूभाऊंनी विचारलं.

"बांबूची कांडी. चेचाचं, रस घ्याचा, पान-कांडी दोन्ही चुलीत."

लटारूभाऊ पहिल्यांदा हसले. "सत्तावीस वर्षं नोकरी केली मी. एका द्रोणाची अक्कल नाई आली."

"तुमाले लग्नाले बोलवत नाई कोणी, म्हणून," प्रणित म्हणाला.

मदीहा लगेच हो म्हणाली नाही. पानावरच दाण्यासारखं काही असलं तर पुन्हा तेच व्हायचं. तिनं वीस कोरी पानं घेतली, प्रत्येकावर कोऱ्या पाण्याचा थेंब कांडीनं घोळवला, वीस पट्ट्या केल्या. लटारूभाऊंनी त्या बघितल्या आणि मग तिनं बघितल्या. हिरवा चुरा होता, तंतू होते. लांबट चकाकणारा दाणा एकाही पट्टीवर नव्हता. लटारूभाऊंना या वीस पट्ट्यांना वीस मिनिटं लागली. तिनं घड्याळ लावलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

आधीच्या एक हजार एकशे वीस चिठ्ठ्यांवर तिनं लिहिलं, 'तपासणी ग्राह्य नाही', आणि त्याखाली सही केली. लिहायला पहाटेपर्यंतचं काम होतं. सोमवारी सकाळी चूल पेटली तेव्हा सुगंधाबाईंनी पहिली परडी स्वतः उचलली. तिच्यात त्यांच्याच गावाच्या वाट्याचे पुंज होते.

चार दिवस कुणी हॉलबाहेर फारसं गेलं नाही. सुगंधाबाईंच्या दोन जावा पावसात पळसाची पानं आणून ओट्यावर टाकून जायच्या. प्रणित बांबू फोडून कांड्या करायचा. त्याच्या बोटांना सालपटं टोचून दोन दिवसांत बोलणं निम्म्यावर आलं. वीज गेली की लटारूभाऊ तडकलेल्या आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीशी ओढून नेत आणि ढगातून मिळेल तेवढ्या उजेडात बघत. पाच ठिकाणं. दाणा एक दिसला तरी पुंज चुलीत. दोन म्हणजे शून्य नव्हतं आता. दोन म्हणजे दोन.

मंगळवारी दुपारी ते एका पट्टीवर अडले. "मॅडम, या जरा. मले वाटते हाये, मले वाटते नाई."

मदीहानं बघितलं. तिलाही ठरवता येईना. त्यांनी त्याच मादीची दुसरी पट्टी केली, मग तिसरी. तिसरीवर, चौथ्या ठिकाणी, एक दाणा होता.

"एका पतंगाले सहा मिनिटं," प्रणित म्हणाला.

"तू कांड्या कर," लटारूभाऊ म्हणाले.

सोमवारी तीनशे ऐंशी झाल्या. मंगळवारी चारशे साठ, बुधवारी पाचशे दहा. गुरुवारी सकाळी लोक अंगणात येऊन बसले तरी आत काम चालू होतं. दुपारी तीनपर्यंत आणखी पाचशे बत्तीस. एकूण एक हजार आठशे ब्याऐंशी. त्यांतल्या तीनशे सदतीस माद्यांत दाणे निघाले. रजिस्टरात गेल्या वर्षी रोगाचं प्रमाण एक टक्क्याच्या आत लिहिलेलं होतं. आता ते सतरा पूर्णांक नऊ होतं. एकशे अठ्ठ्याण्णव माद्या बघायला वेळच उरला नाही. त्यांचे पुंजही जाळले. चांगले किती गेले असतील, हे कळायचा मार्ग नव्हता.

सहीचे पुंज एक हजार पाचशे पंचेचाळीस.

अंगणात चाळीस कुटुंबांना हे सांगायला मदीहा उभी राहिली, पण लटारूभाऊ तिच्या पुढं झाले. "ऐंशी नाई भेटणार," ते म्हणाले. "अडतीस भेटन. काऊन, ते मी सांगतो. चूक माही आहे." आणि त्यांनी बादलीपासून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे आमी दोन साल कोंबडे फुकट देले."

"देव त जेवला न," दुसरं कुणीतरी म्हणालं.

श्रीहरीनं आधी परडी पुढं केली. मग एकेक करून बाकीच्यांनी. कुणी खूश नव्हतं. दोघांनी जाता जाता सांगितलं की पुढच्या खेपेला येऊ की नाही, ते कोशांवर ठरेल. उरलेले पंचवीस पुंज केंद्राच्या स्वतःच्या ऐनांवर लावले.

पूल उघडला तशी गाडी आली. तिच्यात औषधी पावडरचे दोन डबे होते आणि मदीहाच्या नावाचा कागद होता. उद्दिष्टाच्या निम्म्याहून कमी पुरवठ्याबद्दल खुलासा मागितला होता. समाधानकारक न वाटल्यास कराराचा काळ सहा महिन्यांनी वाढवण्यात येईल. तिनं खुलासा लिहिला, तीन पानं, सोबत सगळ्या मोजण्या. उत्तर आलं नाही. ती दाराला पाठ लावून अब्बांना सांगत राहिली की सगळं ठीक आहे.

लटारूभाऊंनी रिकाम्या भिंतीवर खडूनं एक ओळ ओढली होती. तिच्यावर रोज सकाळी कोऱ्या पानाची पहिली पट्टी बघून ते आकडा लिहायचे. शून्य. शून्य. शून्य. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या कातीच्या आठवड्यात सुगंधाबाई कामावर यायच्या, पण तोंड उघडत नसत. कुणी विचारतही नव्हतं. प्रणितनं एकदा विचारायला तोंड उघडलं आणि लटारूभाऊंनी त्याच्या पायावर पाय दिला.

नोव्हेंबरच्या सतरा तारखेला सुगंधाबाई दोन परड्या डोक्यावर घेऊन आल्या आणि हॉलच्या मधल्या टेबलावर ओतल्या. श्रीहरी मागून आणखी एक घेऊन आला. चौघांनी मिळून मोजलं. लटारूभाऊंनी पुन्हा मोजायला लावलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला आणि मदीहानं तो रजिस्टरात लिहिला.

पुंज अडतीस. कोश आठशे सतरा. दर पुंजाला साडेएकवीस. मागच्या साली पाच.